इंजिनाच्या कुशीतली गळकी डमी, इंजिन न उतरवता

जुन्या फोर बाय फोरचं पाणी रोज थोडं थोडं कमी होतंय आणि खाली थेंब दिसत नाही, असं गॅरेजमध्ये सांगितलं की पहिलं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘हेड गॅस्केट गेलं,’ म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. त्यापाठोपाठ दुसरं: ‘इंजिन उतरवावं लागेल.’ दोन्ही खरं असू शकतं. पण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात फिरणाऱ्या जुन्या जीपगाड्यांत दुखणं पुष्कळदा त्याहून फार लहान असतं. ब्लॉकच्या कुशीला ठोकून बसवलेली पत्र्याची वाटी, जिला मेस्त्री लोक डमी म्हणतात, ती गंजून टाचणीएवढी फुटलेली असते. दुकानात कोअर प्लग म्हणून मागितली तरी तीच मिळते. वस्तू किरकोळ किमतीची, पण जागा अशी अवघड की हात जात नाही, आणि म्हणूनच बिल मोठं होतं.

माझी जीप महिंद्राची आहे, २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डीआय डिझेल इंजिन. माझ्याकडे येण्याआधी ती कुळ्याहून दूधसागरला पर्यटक न्यायची. तापलेल्या इंजिनाने ओढ्यात उतरायचं, पलीकडे चढायचं, परत उतरायचं, असे तिने किती हंगाम काढले देव जाणे. आता ती वाळपईच्या बाजूला आमच्या कुळागरात सुपारीची आणि नारळाची पोती ओढते. तिची गळत होती ती सगळ्यात मागची डमी, शेवटच्या सिलिंडरपाशी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) अगदी जवळ. ती मी आणि माझ्या पुतण्याने घरच्या मांगरात (शेडमध्ये), इंजिन जागेवर ठेवून बदलली. गाडी दुसरी असली तर नटबोल्ट वेगळे असतील, स्टार्टर किंवा फिल्टर आड येईल, पण कामाची रीत हीच.

या डमी तिथे असतात कशाला, हे कळलं की त्या कुठे शोधायच्या तेही कळतं. ब्लॉक ओततात तेव्हा पाण्याच्या पोकळीच्या जागी वाळूचे साचे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि ती भोकं नंतर या वाट्यांनी बुजवतात. म्हणजे जिथे पाण्याची पोकळी, तिथे बाजूला ओळीने डमी असणारच. ब्लॉकच्या कुशीला असतात, काही इंजिनांत हेडच्या मागच्या टोकाला असते, आणि पुष्कळ इंजिनांत एक फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या टोकाच्या जड चाकाच्या) मागेही लपलेली असते. बिडाचा ब्लॉक जाड असतो, डमीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. गंज दोघांनाही लागतो, पण आधी आरपार जाते ती डमी.

आणि गोव्यात तिला गंजायला सगळं हाताशी आहे. इथे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, म्हणून वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं नाहीतर झरीचं पाणी ओततात. आमचं जांभ्या दगडातलं पाणी प्यायला गोड लागतं, पण त्यात लोह असतं आणि ते बहुधा किंचित आम्लधर्मी असतं. तेच पाणी इंजिनात तापत राहिलं की तांबडा गाळ धरतं. पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला, त्यामुळे मागच्या सिलिंडरापाशी पाण्याचा वेग कमी पडतो आणि गाळ तिथेच बसतो. बाहेरून ओढ्याचं पाणी आणि चिखल, आतून हा गाळ. मागची डमी आधी जाते यात नवल नाही.

आता गळती नक्की तिथलीच आहे हे कसं ओळखायचं? हे आधी नीट करा, कारण चुकीच्या निदानावर मॅनिफोल्ड उघडणं म्हणजे फुकटची मेहनत. रेडिएटरचं झाकण उघडून थंड इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर घ्या आणि पुढचं वाचायची घाई करू नका. यातलं काही नसेल तर पंपाच्या खालचं बारीक भोक पाहा. पंपाचं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. मग होजपाईप, क्लिपा.

सगळं कोरडं निघालं तर प्रेशर टेस्टर आणा. हातपंपाचं साधं यंत्र असतं, ओळखीचा मेस्त्री एका संध्याकाळपुरतं देतो. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला लावायचं आणि झाकणावर जेवढा दाब छापलेला आहे तेवढाच भरायचा, वर नाही. जुन्या रेडिएटरचे सांधे जादा दाबाने उकलतात. काटा हळूहळू खाली आला तर पाणी कुठेतरी जातंय हे ठरलं.

कुठून जातंय ते पाहायला आम्ही ब्लॉकची ती कूस आधी डिझेलने आणि ब्रशने धुतली, कापडाने कोरडी केली, आणि तिच्यावर टाल्कम पावडर फुंकली. मग दाब भरला. मोबाईल उलटा धरून मॅनिफोल्डच्या खाली घातला आणि व्हिडिओ काढला. पावडरीवर एक ओली रेघ उतरत होती आणि तिचं वरचं टोक डमीच्या मधोमध होतं. कडेला नव्हतं. हा फरक महत्त्वाचा आहे. मधून फुटलेली डमी म्हणजे पत्रा गंजलाय, भोक बहुधा शाबूत आहे. कडेने पाझरणारी डमी म्हणजे ब्लॉकमधलं बसण्याचं भोकच खड्ड्याखड्ड्यांचं झालेलं असू शकतं, आणि तिथे साफसफाईला जास्त वेळ धरून ठेवायचा. मागच्या डमीचं पाणी पुष्कळदा ब्लॉकवरूनच ओघळत बेल हाऊसिंगपर्यंत (क्लचच्या कवचापर्यंत) जातं आणि तिथून खाली पडतं, किंवा तापलेल्या पाईपवर पडून वाफ होऊन जातं. म्हणून जमिनीवर थेंब दिसत नाही, आणि दिसलाच तर ऑइल सील गेलं असं वाटतं. बोट लावून चोळून पाहा. ऑइल आणि पाणी बोटाला लगेच कळतं.

एक उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवणारच: रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, गळती बसते. बसते खरी, थोडा वेळ. रात्री रानात अडकलात तर घरी पोहोचायला तो उपाय मीही करीन. पण ती हळद, किंवा दुकानातली गळती बुजवायची पावडर, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते आणि मग घाटात इंजिन तापतं. बाहेरून एम-सील थापणं तर त्याहून निरुपयोगी. गंजलेल्या, तेलकट, तापणाऱ्या पत्र्यावर ते धरत नाही.

सामान आणायला जाताना इंजिनाचं मॉडेल सांगून पूर्ण संच मागा, एकच डमी नको. फोंडा, म्हापसा इथल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत मिळतो, आणि नाहीच मिळाला तर आमच्या बाजूची माणसं चोर्ला घाट चढून बेळगावला जातात. साधी पोलादी आणि पितळी, अशा दोन्ही येतात. मी पितळीच घेते. ती गंजत नाही. ती मऊ असते, वेडीवाकडी ठोकली तर दुमडते, एवढंच सांभाळायचं. माप घ्यायला व्हर्निअर बरोबर न्या. डमीचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा अगदी किंचित मोठा असतो, त्या ताणावरच ती बसते. हाताने दाबून आत जाणारी डमी परत करा. त्याबरोबर मॅनिफोल्डचं नवीन पॅकिंग, चार-सहा जादा स्टड (मॅनिफोल्ड धरणारे बिनडोक्याचे बोल्ट) आणि नट, डमीसाठी सीलंटची छोटी ट्यूब, गंज सोडवायचं तेल आणि तयार कुलंट.

गाडी उभी करण्याबद्दल दोन गोष्टी, त्या फोर बाय फोरवाल्यांनी कानात ठेवाव्यात. गियरमध्ये टाकली म्हणजे गाडी अडली असं समजू नका. ट्रान्सफर केसचा, म्हणजे गियरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा, दांडा न्यूट्रलला असेल तर गियर कुठलाही असो, चाकं मोकळी असतात. जुन्या जीपमध्ये हॅण्डब्रेकही पुष्कळदा चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरेन्शिअलमुळे दुसरं फिरू शकतं आणि हॅण्डब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. आपल्याला पुढचं चाक काढायचंय, तेव्हा मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा. दुसरी गोष्ट, गाडी चिऱ्यांवर टेकवू नका. घरोघरी चिरे पडलेले असतात आणि हात तिकडेच जातो. जांभा दगड मऊ, पावसाचं पाणी प्यायलेला चिरा तर वजनाखाली भुगा होतो. लोखंडी स्टँड लावा, चासीच्या खाली, आणि गाडी हलवून बघितल्याशिवाय खाली शिरू नका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. पाणी रेडिएटरच्या खालून काढा आणि ब्लॉकच्या नळातूनही काढा, नाहीतर डमी निघताच सगळं अंगावर येतं. ब्लॉकचा नळ उघडूनही काही आलं नाही तर आत पाणी नाही असं समजू नका, तो गाळाने बुजलेला असतो. तार घालून टोचा.

आत हात जायला वाट वरून नाही, बाजूने आहे. बोनेटखालून वाकून काम करायला गेलात तर पाठ जाते आणि दिसत तर काहीच नाही. पुढचं चाक काढा, मडगार्डच्या आतला पत्रा सोडवा. या जीपगाड्यांचं मडगार्डच बोल्टांवर असतं, त्यामुळे अगदीच अडलं तर तेही उतरवता येतं. तो पत्रा निघाला की स्टुलावर बसून समोर ब्लॉकची कूस दिसते. आमच्या कामातला सगळ्यात मोठा फायदा या एका गोष्टीने झाला.

मग मॅनिफोल्ड. धीर इथे धरायचा. नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, सकाळी परत सोडा. खाऱ्या दमट हवेत हे नट स्टडवर जणू वितळून एक झालेले असतात. लांब टॉमी (दांडा) घालून एकदम जोर लावला तर स्टड मुळाशी तुटतो, आणि फायरवॉलजवळच्या तुटलेल्या स्टडला ड्रिल लावायला जागाच नसते. नट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, कट् असा आवाज आला की उलट फिरवा, अर्धा आटा सोडा, पुन्हा आत घ्या, तेल, पुन्हा बाहेर. शेवटच्या दोन नटांना गोटी (सॉकेट) पान्यावर लांब एक्स्टेन्शन आणि मध्ये युनिव्हर्सल जॉइंट लागतो. माझा पुतण्या तरणा, त्याचा हात सारखा जोराकडे जायचा. ‘आत्ये, हा निघतच नाही,’ असं तो म्हणाला की मी त्याला म्हणायची, ‘मग अजून तेल पिऊ दे त्याला, तू पेज जेवून ये.’ सायलेन्सरचा खालचा पाईप सोडवा, मॅनिफोल्ड बाहेर घ्या, आणि हेडमधली तोंडं लगेच स्वच्छ कापडाने बुजवा. त्यात पडलेला नट सरळ सिलिंडरकडे जातो.

आता डमी समोर आहे. ती मधोमध ठोकून आत ढकलायची नाही. मागे काही मिलिमीटरवर सिलिंडरची भिंत असते, आणि आत पडलेली डमी त्या पोकळीतून परत काढणं फार कटकटीचं. पोलादी असेल तर निदान चुंबकाला लागते, पितळीला तोही उपाय नाही. सुंभा (बोथट टोकाची पोलादी कांडी) डमीच्या खालच्या कडेच्या जरा आत टेकवा आणि हातोडीचे बेताचे ठोके द्या. खालची कड आत जाते, वरची बाहेर येते, वाटी भोकात आडवी फिरते. मग वरची कड पकडीत घट्ट धरा आणि ब्लॉकच्या कडेवर पकड टेकवून ओढा. ब्लॉकच्या भोकाला सुंभा लागू देऊ नका, तिथे पडलेला ओरखडा म्हणजे उद्याची गळती. हातोडी फिरवायला जागाच नसेल तर डमीत मध्यभागी बारीक भोक पाडा, त्यात स्वतः आटे पाडणारा स्क्रू घाला आणि स्क्रूला धरून खेचा. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, पात्याला ग्रीस लावा, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो.

आमची डमी निघाली तेव्हा तिच्यामागून पाणी नाही, तांबडा चिखल आला, खाणीच्या खंदकातून येतो तसा. बोट घातलं तर सिलिंडरच्या भिंतीवर तो दाट बसलेला लागत होता. हे पाहिल्यावर बाकीच्या डमी तशाच ठेवायचा विचारही मनात आला नाही. एक फुटली म्हणजे तिच्या वयाच्या सगळ्या तेवढ्याच गंजलेल्या आहेत, आणि इतकी वाट मोकळी केल्यावर हाताला लागेल ती प्रत्येक बदलायलाच हवी. सगळ्या काढा. मग थर्मोस्टॅट काढून वरून बारीक पाईपने पाणी सोडा, भोकांतून वाकवलेली तार फिरवत राहा, आणि भोकांतून नितळ पाणी येईपर्यंत थांबू नका. वेळ जातो, पण हा गाळ तसाच राहिला तर नवीन डमी बसवूनही इंजिन तापतच राहणार.

भोकाची साफसफाई मी दुसऱ्या कोणावर सोडत नाही. बोटाला बारीक एमरी पेपर गुंडाळून भोकाच्या आतून गोल फिरवायचा, फक्त गोल. आत-बाहेर घासलं तर उभे चरे पडतात आणि त्या चऱ्यांतून पाणी वाट काढतं. धातू चकचकीत झाला की थिनरच्या कापडाने पुसा आणि टॉर्चच्या उजेडात नखाने तपासा. नख अडेल असा खड्डा कडेला असेल तर सीलंट थोडं जास्त, आणि खड्डा आरपार वाटेल एवढा असेल तर लेथवाल्याला दाखवून मोठ्या मापाची डमी बसवायचा विचार करा. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर एमरी अगदी हलक्या हाताने.

नवीन डमीच्या बाहेरच्या कडेला आणि भोकाला सीलंटचा पातळ थर लावा. वाटीचं तोंड बाहेर. ठोकायला जी गोटी वापराल ती वाटीच्या आतल्या व्यासापेक्षा थोडीशीच लहान हवी, म्हणजे जोर तळाच्या कडेवर सगळीकडे सारखा जातो. वाटीच्या काठावर ठोकलं तर काठ दुमडतो, मधोमध ठोकलं तर वाटीचा तळ पिचतो आणि ती सैल होते. पुढच्या डमींना हातोडी चालते: एक्स्टेन्शनवर गोटी, बेताचे ठोके, दर ठोक्याला सरळ जातेय का ते पाहायचं.

मागच्या डमीला मात्र हातोडी फिरवायला जागा नव्हती. तिथे ठोकण्याऐवजी दाबून बसवली. एक जाड लांब बोल्ट घेतला, त्यावर नट पूर्ण चढवला, नटापुढे जाड वॉशर आणि पाईपचा तुकडा. बोल्टचं डोकं डमीतल्या गोटीवर टेकवलं आणि पाईपचं दुसरं टोक लाकडाच्या ठोकळ्यामार्फत चासीला. आता नट बोल्टवर मागे फिरवत गेलं की बोल्ट डमीला आत रेटतो. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे रेटा बसताच तेच पलीकडे सरकू लागतं. म्हणून पलीकडच्या बाजूने इंजिन आणि चासी यांच्यामध्ये लाकडी पाचर आधी ठोकून घ्यायची. पाचर ऑइल पॅनला टेकवू नका, तो पत्रा चेपतो. पाव फेरा फिरवा, मोबाईल घालून पाहा, वाकडी जात असेल तर टेकू हलवा. वाटीचा काठ भोकाच्या उतरत्या कडेच्या जेमतेम आत गेला की थांबा. तिथून पुढे रेटायचं कारण नाही.

सीलंटच्या ट्यूबवर जेवढा वेळ लिहिला आहे तेवढा पूर्ण द्या. तोवर स्टड साफ करा, त्यांना कॉपर ग्रीस लावा, नवीन पॅकिंग घालून मॅनिफोल्ड चढवा. नट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत.

भरताना तयार मिश्रणाचं कुलंट घ्या, किंवा घट्ट कुलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही, आपल्याला हवा तो त्यातला गंजरोधक. विहिरीचं पाणी वरून ‘थोडंसंच’ घालणंही बंद करा. गाडीचं नाक चढावर ठेवून सावकाश भरा, वरचा होजपाईप दाबत राहा म्हणजे हवा निघते. हीटर असेल तर तो गरमवर ठेवा. झाकण लावण्याआधी पुन्हा प्रेशर टेस्टर लावून काटा जागेवर राहतो का पाहा, आणि पावडर फुंकून एकदा व्हिडिओ काढाच. नंतर गाडी चोर्ल्याच्या चढावर नेऊन आणा. थंड झाल्यावर पाण्याची पातळी तपासा आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा आवळा, पॅकिंग तापून बसलं की ते थोडे सैल होतात.

निघालेलं जुनं कुलंट पाटात किंवा विहिरीपाशी ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-गुरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुन्या ऑइलबरोबर गॅरेजला द्या.

फ्लायव्हीलमागची डमी आम्ही या वेळी उघडली नाही, ती कोरडी होती. तिच्यासाठी गियरबॉक्स ट्रान्सफर केससकट मागे घ्यावा लागतो, आणि ते वजन ट्रॉली जॅक आणि दोन धडधाकट माणसांशिवाय हलवू नये. तिची पितळी डमी आणून मी जीपच्या कागदांबरोबर ठेवली आहे. क्लच प्लेट बदलायला गाडी उघडेल तेव्हा मेस्त्रींच्या हातात आधी ती द्यायची.